रिठा, राख, चिंच आणि शहाबादी फरशी

आमचे घर सोलापुरातले, जुन्या बांधणीचे. खालच्या मजल्यावर सगळीकडे शहाबादी फरशी आहे, वापराचे पाणी बोअरचे आहे आणि घरात दम्याचा जुना त्रास असलेल्या सासूबाई आहेत. घराची स्वच्छता बाजारातली उग्र रसायने टाळून करायची असे आम्ही ठरवले, तेव्हा कोणता पदार्थ कुठे चालेल आणि कुठे चालणार नाही हे बहुतांशी या तीन गोष्टींनीच ठरवले. म्हणून हे अनुभव वाचताना आपल्या घरची फरशी कशाची आहे आणि नळाला पाणी कसले येते, एवढे वाचकांनी आधी ध्यानात घ्यावे, अशी विनंती आहे.

सुरुवात झाली ती एका दिवाळीच्या आधी. सफाईसाठी बोलावलेल्या माणसाने न्हाणीघर आधी अ‍ॅसिडने घासले आणि ते पुरते धुऊन काढण्याआधीच वर ब्लीचिंग पावडर टाकली. हातगाडीवर किंवा किराणा दुकानात बाटलीतून मिळणारे फरशीचे अ‍ॅसिड म्हणजे पातळ केलेले हायड्रोक्लोरिक आम्ल. ते ब्लीचला लागले की क्लोरीन वायू सुटतो, आणि तो हवेपेक्षा जड असल्यामुळे बंद न्हाणीघरात तळाशी साचून राहतो. मधल्या खोलीत बसलेल्या सासूबाईंना काही मिनिटांतच असा खोकला सुरू झाला, की त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात न्यावे लागले आणि वाफाऱ्याचे औषध द्यावे लागले. त्या बऱ्या झाल्यावर छातीच्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितले, की औषधे आपल्या जागी आहेतच, पण घरातले उग्र वास कमी झाल्याशिवाय यांच्या श्वासनलिकांना आराम पडणार नाही. फिनाईल, अ‍ॅसिड, डांबरगोळ्या, डास-झुरळांचे फवारे, इतकेच काय उदबत्तीचा धूरसुद्धा त्यांनी त्या यादीत घातला.

मी शाळेत विज्ञान शिकवते. मोरीखालच्या कपाटातून निघालेल्या बाटल्या अंगणात मांडल्या, तेव्हा वेगवेगळ्या नावांच्या आणि वेगवेगळ्या रंगांच्या त्या बाटल्यांमध्ये कामाचे घटक मोजकेच असल्याचे लेबले वाचून दिसले. कुठे अल्कली, कुठे आम्ल, कुठे फेस आणणारे द्रव्य, कुठे जंतुनाशक, आणि जवळजवळ सगळीकडे सुगंध. मग वाटले, की यातले पहिले तीन गुण तर आपल्या स्वयंपाकघरात आणि काष्ठौषधीच्या दुकानात पिढ्यान्‌पिढ्या आहेतच. राख अल्कली आहे, चिंच आणि लिंबू आम्ल आहेत, रिठा फेस आणणारा आहे. जंतुनाशकाचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याविषयी पुढे लिहिणारच आहे. सुगंध आम्हाला नकोच होता.

पहिला हात घातला तो रिठ्याला, कारण भाद्रपद सरत आला होता आणि घट बसायच्या आधी गोधड्या, चादरी, पडदे धुवायचे होते. बाजारात मिळणारा अख्खा रिठा टणक, सुरकुतलेला आणि तपकिरी असतो. तो बत्त्याने हलकेच ठेचला की आतली काळी गुळगुळीत बी सुटून येते. तिचा धुण्याला उपयोग नाही, सगळे काम सालीत आहे. एक लिटर पाण्याला चांगली मूठभर साल या हिशेबाने रात्रभर भिजत घालायची, सकाळी मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे उकळायची आणि कोमट झाल्यावर हाताने चोळून गाळून घ्यायची. चोळताना साल अर्धपारदर्शक होत बोटांना बुळबुळीत लागू लागते आणि पाण्यावर पांढरा, बारीक बुडबुड्यांचा फेस धरतो. गाळलेले पाणी मधासारख्या रंगाचे असते. ते डोळ्यांत उडाले तर फार झोंबते, म्हणून मुलांना त्या वेळी जवळ येऊ देत नाही. बाहेर ठेवले तर दोन-तीन दिवसांत त्याला आंबूस वास येऊ लागतो. त्यामुळे लागेल तेवढेच करणे बरे. फ्रीजमध्ये ते आठवडाभर टिकते.

रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. ती पाण्याचा पृष्ठताण कमी करतात आणि तेलाचे, मळाचे कण सुटे करून पाण्यात तरंगते ठेवतात. साबणाचेही काम हेच, पण आमच्यासारख्या जड पाण्याच्या गावात साबणाची एक अडचण असते. पाण्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा चिकट साका तयार होतो, आणि तो कपड्यावर, बादलीच्या कडेला, न्हाणीघराच्या फरशीवर बसतो. रिठ्याचा असा साका होत नाही. सोलापुरी चादरी आम्ही वर्षानुवर्षे धुण्याच्या साबणाने धूत आलो होतो आणि प्रत्येक धुण्यानंतर त्या थोड्या कडक होत. रिठ्याच्या कोमट पाण्यात तासभर भिजवून, गच्चीवरच्या मोठ्या टबात पायांनी तुडवून, दोनदा साध्या पाण्यातून काढल्या, तेव्हा त्या पाण्यात जो करडा, दाट मळ उतरला तो मागच्या धुण्यांतल्या साक्यासकट असावा, असे मला वाटते. वाळल्यावर चादरी हाताला मऊ लागल्या.

आमच्या धुणीभांडी करणाऱ्या मावशींचा मात्र रिठ्यावर लगेच विश्वास बसला नाही. “वहिनी, एवढासाच फेस, मग मळ निघणार कसा?” असे त्यांनी विचारले, आणि प्रश्न रास्त होता, कारण जाहिरातींनी आपल्या सगळ्यांनाच फेस म्हणजे स्वच्छता असे शिकवले आहे. मी त्यांना दोन उशांचे अभ्रे घेऊन एक पावडरीत आणि एक रिठ्यात भिजवायला सांगितले आणि निर्णय त्यांच्यावरच सोडला. घाम आणि डोक्याचे तेल दोन्हींतून सारखेच निघाले. हळदीचा जुना डाग पावडरीने फिका झाला, रिठ्याने झाला नाही. तो रिठ्याचा अभ्रा आम्ही ओला असतानाच कडक उन्हात टाकला आणि हळदीचा रंग उन्हाने उडाला. हळदीतल्या रंगद्रव्याला प्रकाश सोसत नाही, म्हणून सोलापूरच्या उन्हासारखे हळदीवर दुसरे औषध नाही. पांढऱ्याशुभ्र कपड्यांना मात्र दाट रिठ्याने पिवळसर छटा येऊ शकते. त्यासाठी पाणी पातळ घ्यावे आणि खळबळून दोनदा काढावे.

स्वयंपाकघरात प्रश्न तेलाच्या चिकट्याचा होता. फोडणीची वाफ वर जाऊन शेल्फाच्या कडांवर, एक्झॉस्टच्या पात्यांवर, डब्यांच्या झाकणांवर बसते, त्यावर धूळ बसते, आणि काही महिन्यांनी त्याचा जो पिवळट-तपकिरी थर होतो तो नुसत्या ओल्या फडक्याने पुसला तर फक्त पसरतो. इथे अल्कलीच लागते. अल्कलीने तेलाचा काही भाग साबणात बदलतो आणि बाकीचा सैल होतो. खायचा सोडा सौम्य असतो, त्याचा पीएच आठच्या थोडा वर. धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, अकराच्या आसपास, म्हणून पुष्कळच जोरकस. रोजच्या ओट्याला खायचा सोडा पुरतो. साचलेल्या चिकट्याला धुण्याचा सोडाच हवा, आणि तोही गरम पाण्यात. एक्झॉस्टची पाती काढून, बादलीभर कढत पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घालून त्यात अर्धा तास ठेवली, तेव्हा थर बोटाने लोटला तरी सरकत होता. हातमोजे घालावेतच, कारण जी अल्कली तेल उचलते ती हाताच्या कातडीतली स्निग्धताही उचलते. पदार्थ घरगुती असला म्हणून तो हाताला सौम्यच असेल, असे गृहीत धरू नये.

या सोड्याला अ‍ॅल्युमिनियमची भांडी दाखवू नयेत. अल्कलीने अ‍ॅल्युमिनियम काळवंडते आणि झिजते. आमचा जुना कुकर, सासूबाईंचे पातेले आणि एक्झॉस्टचे काही जुने भाग याच धातूचे असल्याने ते मी आधीच बाजूला काढून ठेवले होते. कुकर आतून काळा पडला की त्यात पाणी आणि पिळून उरलेल्या लिंबाच्या साली घालून दहा मिनिटे उकळायचे, ही सासूबाईंची रीत. काळेपणा आम्लाने सुटतो आणि आतला धातू पुन्हा पांढरा दिसू लागतो.

राखेची गंमत वेगळीच आहे. माझ्या माहेरी, बार्शीकडच्या खेड्यात, अजून पाणी तापवायला चूल पेटते आणि तिच्यात तुराट्या जळतात. भाऊ येताना पिशवीभर राख घेऊन येतो. ती आधी जुन्या सुती कापडातून चाळून घ्यावी लागते, कारण तिच्यात राहिलेला कोळशाचा किंवा मातीचा एखादा खडाही स्टीलवर ओरखडे पाडतो. चाळलेली राख पिठासारखी मऊ असते. लाकूड-काडीच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते, तेच तिचे बळ. खरकट्या, तेलकट कढईत कोरडी राख भुरभुरली आणि थोडा वेळ थांबले, तर ती तेल पिऊन घेते आणि गोळे होऊन सुटते. नंतर नारळाच्या शेंडीने घासायला पाणीही कमी लागते. उन्हाळ्यात बोअर खाली जाते, तेव्हा हा गुण मला फार मोलाचा वाटतो. मात्र राख कशाची आहे हे माहीत असले पाहिजे. प्लास्टिक, रंगवलेले लाकूड, छापील कागद ज्या चुलीत जळतात तिथली राख भांड्यांना लावू नये. नॉनस्टिक तव्यालाही ती चालत नाही, आणि ज्याला मोरीत गेलेली राख नळीत साचू द्यायची नाही, त्याने भांडी आधी कोरडी पुसून ती राख झाडांच्या बुंध्याशी टाकावी, तीही थोडी थोडी.

आता या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग, म्हणजे आम्ल आणि दगड. बोअरच्या पाण्याने नळांवर, शॉवरच्या जाळीवर, बादल्यांच्या तळाशी आणि संडासाच्या भांड्यात जे पांढरे, खरखरीत पुट चढते ते मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असते. ते साबणाने निघत नाही, सोड्याने निघत नाही, नुसत्या घासण्यानेही निघत नाही. ते आम्लात विरघळते. शहाबादी फरशी हा चुनखडक आहे, आणि चुनखडक म्हणजेसुद्धा कॅल्शियम कार्बोनेट. कोटा आणि संगमरवरही त्याच कुळातले. जे आम्ल नळावरचे पुट खाते, ते फरशीही खाणार, मग ते आम्ल बाटलीतले असो की लिंबातले. निसर्गातून आले म्हणून ते दगडाला वेगळी वागणूक देत नाही.

माझ्या वर्गातल्या मुलांना हे दाखवायला मी परसात पडलेल्या शहाबादीच्या तुकड्यावर लिंबाचे चार थेंब पिळले. थेंबाच्या कडेने लगेच बारीक बुडबुडे उठू लागले, साखळीने वर येणारे, टाचणीच्या टोकाएवढे. पाचेक मिनिटांनी तो थेंब पुसला, तर तेवढ्या जागेची निळसर-करडी झिलई गेली होती आणि एक फिकट, मंद गोल राहिला होता. त्यावरून बोट फिरवले की सभोवतालची फरशी गुळगुळीत आणि तो गोल मात्र किंचित खरखरीत लागत होता. मग मी न्हाणीघरातली आमची फरशी बोटाने चाचपली. तीही तशीच खरखरीत होती, सगळीच. वर्षानुवर्षांच्या अ‍ॅसिडच्या घासणीने तिचा वरचा घोटीव पापुद्रा गेला होता, आणि अशा खडबडीत दगडात मळ अधिक रुततो, म्हणून पुढच्या वेळी अधिक अ‍ॅसिड लागते. फरशी काळी का पडते, या घरातल्या जुन्या तक्रारीचे उत्तर मला तिथे मिळाले.

तेव्हापासून आम्ल फक्त धातूच्या नळांना, काचेला आणि चिनी मातीच्या भांड्याला, असा नियम आम्ही केला. फरशीवर काहीही सांडू नये म्हणून खाली जुने पोतेरे अंथरायचे. किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळणारे सायट्रिक अ‍ॅसिड यासाठी मला व्हिनेगरपेक्षा सोयीचे वाटले, कारण त्याला वास नाही आणि सासूबाईंना व्हिनेगरचा आंबट दर्प सहन होत नाही. शिवाय दुकानातल्या स्वस्त पांढऱ्या व्हिनेगरच्या बाटलीवर ‘सिंथेटिक’ असा शब्द बहुधा असतोच. ते फळांपासून आंबवलेले नसून कारखान्यात तयार केलेले अ‍ॅसिटिक आम्ल पातळ केलेले असते. त्याने काम होते, पण नैसर्गिक म्हणून ते घेणाऱ्याने बाटली वाचावी. पेलाभर कोमट पाण्यात एक मोठा चमचा लिंबूसत्त्व विरघळवून त्यात फडके भिजवायचे, ते नळाच्या मुळाशी घट्ट गुंडाळायचे आणि अर्ध्या तासाने काढून जुन्या टूथब्रशने घासायचे. पुट पापुद्र्यांनी सुटते. नळाच्या चकाकीला जास्त वेळ आम्ल लागू देऊ नये. रात्रभर तर नाहीच. संडासाच्या भांड्यात रात्री दोन-तीन मोठे चमचे पूड तशीच टाकून ठेवली आणि सकाळी ब्रशने घासले, तर ताजे पिवळे पट्टे जातात. जाड, जुने पट्टे मात्र एका फेरीत जात नाहीत. त्यासाठी आधी तळातले पाणी काढून, लिंबूसत्त्वात भिजवलेल्या जुन्या चिंध्या पट्ट्यावर चिकटवून ठेवाव्या लागतात, आणि हे काम आठवड्याच्या अंतराने पुन्हापुन्हा करावे लागते. अ‍ॅसिडच्या बाटलीने ते पाच मिनिटांत होते, ही गोष्ट खरी आहे. आम्हाला ती पाच मिनिटे पुन्हा नको होती.

न्हाणीघराच्या फरशीवर साबणाचा जो साका बसतो त्याला आम्ही कढत पाणी, धुण्याचा सोडा आणि ताठ ब्रश एवढेच देतो. पण सगळ्यांत अधिक फरक पडला तो शेवटच्या आंघोळीनंतर वायपरने पाणी ओढून काढण्याने आणि खिडकी उघडी ठेवण्याने. पाणी तिथे वाळलेच नाही, तर त्यातले क्षार बसायचे कुठे? यात ना रिठा लागतो ना राख, आणि म्हणूनच कदाचित याची कोणी शिफारस करत नाही. खोल्यांची फरशी रोज नुसत्या पाण्याने आणि आठवड्यातून एकदा बादलीत वाटीभर रिठ्याचे पाणी घालून पुसतो. माश्या येऊ नयेत म्हणून पुसायच्या पाण्यात खडेमीठ घालायची पद्धत पुष्कळ घरांत आहे. शहाबादीला मी ते घालत नाही, कारण दगडात मुरलेले मीठ वाळताना फुगते आणि वरचे पापुद्रे सुटतात.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून मोरीत ओतायचा जो प्रकार सगळीकडे दाखवला जातो त्याबद्दल लिहिणे मला शिक्षिका म्हणून आवश्यक वाटते. फसफस होते, डोळ्यांना बरे दिसते, पण आम्ल आणि अल्कली एकमेकांचे बळ संपवतात. मागे राहते ते बहुतांशी सोडियम अ‍ॅसिटेटचे पाणी, आणि त्याला सफाईचा म्हणावा असा गुण नाही. आधी एक वापरून, धुऊन, मग दुसरे वापरावे. तेलाने तुंबलेल्या मोरीसाठी धुण्याचा सोडा आणि गरम पाणी हेच उपयोगी पडते. पाणी उकळते मात्र नसावे, कारण प्लास्टिकच्या नळ्यांचे सांधे त्याने सैल होतात.

देवघरातली तांब्या-पितळेची उपकरणी हा सासूबाईंचा प्रांत आहे आणि तिथे मी फक्त हाताखाली असते. त्या चिंच कोमट पाण्यात भिजवून तिचा घट्ट कोळ करतात, त्यात मीठ घालतात आणि तो तांब्याला लावून लगेच चोळायला घेतात. चिंचेतले टार्टारिक आम्ल वरचा काळपट ऑक्साइडचा थर विरघळवते आणि मिठाने ते काम जलद होते. बोटाखालून गुलाबी तांबे उघडे पडताना पाहण्यात त्यांना आजही आनंद वाटतो. “अगं, लावून ठेवू नकोस, लगेच धू आणि कोरडं पूस, नाहीतर हिरवं चढतं,” हे त्या मला प्रत्येक वेळी सांगतात, आणि ते रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही अगदी बरोबर आहे. आम्ल आणि मीठ मागे राहिले, तर तांब्यावर हिरवे क्षार बनतात. धुतल्यावर कोरड्या राखेचा हात फिरवला की उरलेले आम्लही मारले जाते आणि झळाळी येते. चांदीच्या वाट्या काळ्या पडतात त्या गंधकामुळे, म्हणून तिथे चिंच नको. स्टीलच्या पातेल्यात अ‍ॅल्युमिनियमची फॉइल अंथरून, त्यावर चांदी ठेवून, वर कढत पाणी आणि दोन चमचे खायचा सोडा घातला, की चांदीवरचा काळा सल्फाइडचा थर सुटून पुन्हा चांदीच होतो आणि काही वाया जात नाही. थोडा सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो गंधक निघत असल्याचा. खडे बसवलेल्या दागिन्यांना मात्र हे करू नये.

मोसंबी-लिंबाच्या सालींचे बायोएंझाइमही आम्ही करतो. थायलंडच्या डॉ. रोसुकॉन पूमपानवोंग यांच्यामुळे प्रसिद्ध झालेले त्याचे प्रमाण एक भाग गूळ, तीन भाग साली आणि दहा भाग पाणी असे आहे. प्लास्टिकच्याच बाटलीत घालायचे, कारण पहिल्या महिन्यात वायू इतका सुटतो की काचेची बरणी फुटू शकते. रोज एकदा झाकण सैल करावे लागते, आणि तीन महिन्यांनी गाळायचे. तयार झालेले पाणी तपकिरी, आंबट वासाचे आणि आम्लधर्मी असते. त्याविषयी मोठमोठे दावे केले जातात. माझा अनुभव एवढाच, की सिरॅमिकच्या टाइल्स आणि बेसिन त्याने चांगले निघते, आणि शहाबादीवर ते ओतू नये. एरवी कचऱ्यात जाणाऱ्या सालींचा उपयोग होतो, हे मला पुरेसे कारण वाटते.

कपाटातल्या डांबरगोळ्या काढल्या, तेव्हा सासूबाईंच्या इरकली साड्यांची काळजी होती. डांबरगोळी म्हणजे नॅफ्थलीन. जी६पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या तान्ह्या मुलांमध्ये त्या वाफेने तांबड्या रक्तपेशी फुटू शकतात, आणि आमच्या घरी नणंदेचे बाळंतपण व्हायचे होते, म्हणून तो निर्णय सोपा होता. त्याजागी वेखंडाचे तुकडे आणि सावलीत खडखडीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला, दोन्ही मलमलच्या पुरचुंडीत बांधून ठेवले. पाला ओलसर राहिला, तर त्यालाच बुरशी येते. पुरचुंड्या दर तीन-चार महिन्यांनी बदलाव्या लागतात आणि साड्या वर्षातून दोनदा उलगडून, घड्या मोडून हवेवर टाकाव्या लागतात. खरे रक्षण या उलगडण्यानेच होते, कारण कसरीला अंधार आणि स्वस्थता लागते. कापूर आम्ही ठेवत नाही. तो वनस्पतीपासून मिळत असला, तरी लहान मुलाने गिळला तर झटके येऊ शकतात, आणि त्याचा वास सासूबाईंनाही सोसत नाही.

जंतुनाशकाविषयी लिहायचे राहिले. निरोगी माणसांच्या घरात रोजच्या सफाईसाठी जंतू मारणारे काही लागते असे मला वाटत नाही. मळ, ओल आणि खरकटे गेले, की जंतूंचे बहुतेक अन्न आणि आसरा जातो. पण घरात हगवण-उलटीचा रुग्ण असेल, तर लिंबू, व्हिनेगर, कडुनिंब किंवा बायोएंझाइम यांच्यावर मी विसंबणार नाही. गेल्या पावसाळ्यात माझ्या मुलाला तसा त्रास झाला, तेव्हा आम्ही संडास आधी रिठ्याच्या पाण्याने धुतला, भरपूर पाणी ओतले आणि मगच पातळ केलेले ब्लीच वापरले. सासूबाईंना तेवढा वेळ वरच्या मजल्यावर नेले आणि खिडक्या उघड्या ठेवल्या. रुग्णाचे कपडे उकळत्या पाण्यातून काढले. ब्लीचची ती एक लहान बाटली आजही वरच्या फळीवर, लिंबूसत्त्वापासून दूर ठेवलेली आहे. त्याचप्रमाणे रिठाही निरुपद्रवी आहे असे मानून विहिरीत किंवा तळ्यात त्याचे पाणी सोडू नये. सॅपोनिन माशांना मारक असते, आणि रिठ्याच्या पाण्याने मासे धरण्याची जुनी पद्धत याच गुणावर चालत असे.

सासूबाईंचा दमा गेलेला नाही, तो जाणारा आजार नाही. सफाईच्या दिवशी त्यांना पंपाचे दोन जास्तीचे झोत घ्यावे लागत, ते आता लागत नाहीत. त्यांच्या नोंदवहीत मी हे पाहिले आहे.

मावशींच्या हातांच्या भेगा मात्र मला या सगळ्यात पहिल्यांदा नीट दिसल्या. त्या आमच्याशिवाय आणखी घरांत जातात, आणि तिथे त्यांच्या हातात अ‍ॅसिडची बाटली, फिनाईल आणि ब्लीच दिले जाते, हातमोजे दिले जात नाहीत. आमच्या न्हाणीघरात त्या दिवशी जे झाले ते त्यांच्या वाट्याला कुठेही येऊ शकते, आणि दार लोटून आत घासत बसलेल्या बाईला बाहेर यायला उशीर होतो. मी त्यांना एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दिले, की अ‍ॅसिड आणि ब्लीच एकाच दिवशी एकाच जागी वापरायचे नाही, दार-खिडकी बंद ठेवायची नाही, आणि नाकात झोंबले तर काम तसेच टाकून बाहेर यायचे. मोज्यांचे दोन जोडही दिले. त्यांनी तो पुठ्ठा त्या घरांतल्या वहिनींना वाचून दाखवला. दोघींनी अ‍ॅसिड बंद केले, एकीने केले नाही. त्या घरी मावशी आता स्वतःच सोड्याची पुडी घेऊन जातात, आणि आमच्याकडे रिठा उकळला की बाटलीभर पाणी त्यांच्या पिशवीत जाते.